उन्हाळी नव्हतीच ती

"पालथे झोपा. पोटाखाली ही चादरीची गुंडाळी घ्या. आता श्वास आत घ्या... धरून ठेवा... हलायचं नाही."

खट्. कागदाला पिन मारावी तसा आवाज झाला आणि सुई बाहेर आली. सोनोग्राफीच्या पडद्यावरचं करडं मूत्रपिंड क्षणभर थरथरलं आणि पुन्हा श्वासाबरोबर खालीवर होऊ लागलं. टेबलावरच्या सव्वीस वर्षांच्या मुलाने उशीत तोंड खुपसूनच विचारलं, "झालं का?"

"अर्धं झालं. अजून एकदा फक्त," डॉक्टर म्हणाले.

सुईच्या खाचेतला तुकडा तंत्रज्ञ ताईंनी काचेच्या बशीत, सलाइनच्या थेंबात अलगद सोडला. शेवईचा तुटका तुकडा म्हणावा एवढा बारीक, लांबीला दीड सेंटिमीटरही नसेल, रंग फिकट गुलाबी. भिंग माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "नीट निरखा, लाल ठिपके दिसतील." दिसले. खसखशीच्या दाण्याहून लहान, तुकड्याच्या एका टोकाकडे जास्त दाट. एकेक ठिपका म्हणजे एकेक ग्लोमेरुलस, केशवाहिन्यांचा गुंता, रक्त गाळणारी जाळी. एका मूत्रपिंडात असे साधारण दहा लाख ठिपके असतात. ताईंनी ते मोजले, मान हलवली आणि दोन तुकडे दोन वेगळ्या बाटल्यांत टाकले. एका बाटलीत फॉर्मेलिन होतं. दुसरीत नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

हा मुलगा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा, चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर फिटर. कायम करण्याआधी कंपनीने मेडिकल करून घेतली, त्यात रक्तदाब १६०/१०० आणि लघवीत अल्ब्युमिन 'थ्री प्लस' निघालं. त्याला स्वतःला काहीच होत नव्हतं. खोदून विचारल्यावर आठवलं, की दोन-तीन वर्षांपूर्वी सर्दी-घसा झाला असताना लघवी दोनदा चहाच्या रंगाची झाली होती. घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी दिलं. दोन दिवसांत रंग निवळला, विषय संपला. त्यानंतर लघवीला फेस यायचा, तो मोरीतल्या साबणाचा असावा असं त्याला वाटे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'पाणी' हा विषय दिला तेव्हा धरणं, टँकर आणि नद्या डोळ्यांसमोर आल्या. पण मला जायचं होतं ते माणसाच्या आतल्या पाण्याकडे. आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीराला परत करतात. माझ्या मामेभावाची ही गाळणी तिशीतच बंद पडली. आजाराचं नाव आयजीए नेफ्रोपॅथी. त्या वेळी आम्हाला सांगण्यात आलं, की प्रेशरची गोळी घ्या, मीठ कमी करा आणि वाट बघा. आता ऐकते, की गेल्या पाच वर्षांत या आजाराच्या उपचारांत जेवढं घडलं, तेवढं आधीच्या पन्नास वर्षांत घडलं नव्हतं. ते खरंच आपल्याकडच्या ओपीडीपर्यंत पोचलं आहे का, हे बघायला मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या नेफ्रोलॉजी विभागात अधूनमधून जात राहिले.

हिरवा उजेड

पॅथॉलॉजी विभागातली ती खोली जेमतेम आठ बाय आठ. खिडकीला काळा कागद. मॅडमनी दिवा मालवला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "हा आयजीजी," त्या म्हणाल्या. काळोख. "हा सी-वन-क्यू." काळोख. मग त्यांनी तिसरी काच सरकवली. काळ्याशार पार्श्वभूमीवर एक गोल हिरव्या उजेडाने उमटला होता, आणि त्या गोलात फांद्या फुटल्यासारखी चमकदार जाळी पसरली होती. "हा आयजीए. आता शंका राहिली नाही."

हा उजेड पहिल्यांदा नीट ओळखला तो पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात, झाँ बर्जे आणि निकोल आँग्ले यांनी. वर्ष १९६८. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे मूत्रपिंड दुसऱ्या चार आजारांसारखंच दिसतं. चकाकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं त्यावर सोडली, तरच नेमकं काय साचलं आहे ते कळतं. इथे दुसऱ्या बाटलीचं कोडं सुटतं. फॉर्मेलिनमध्ये पेशींचा आकार टिकतो, पण प्रथिनं एकमेकांत आवळली जातात आणि ही चाचणी बिघडते. म्हणून तो तुकडा सलाइनमध्ये बर्फावर ठेवून त्याच दिवशी आणायचा, नाहीतर मिशेल मिडियम नावाच्या द्रावात पाठवायचा.

मॅडम म्हणाल्या, "लांबच्या गावांहून थर्मोकोलच्या डब्यात नमुने येतात. कधी बर्फ पार वितळलेला असतो. कधी दोन्ही तुकडे फॉर्मेलिनमध्ये. मग मी काय सांगणार?" हिरव्या उजेडाविना या आजाराला नावच मिळत नाही, आणि नाव मिळालं नाही तर पुढचं एकही नवं औषध त्या माणसाच्या कामाचं नाही. नव्या औषधांच्या गाजावाजात या डब्याबद्दल कोणी बोलत नाही. मला तो डबा औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

साखरेचा एक दाणा कमी

आयजीए हे काही परकं विष नाही. नाक, घसा, आतडं अशा जिथे जिथे बाहेरचं जग आपल्या ओल्या अस्तराला भिडतं, तिथे पहारा देणारं हे आपलंच प्रतिपिंड. शरीर बाकीची सगळी प्रतिपिंडं मिळून जेवढी तयार करतं, त्याहून जास्त आयजीए एकटं तयार होतं. यातल्या आयजीए-१ या प्रकाराच्या मधल्या वाकणाला साखरेच्या छोट्या साखळ्या लटकलेल्या असतात. या रुग्णांमध्ये त्यातल्या काही साखळ्यांच्या टोकाचा गॅलॅक्टोज नावाचा दाणा गळलेला असतो.

एवढ्याने बिघडत नाही. असं अर्धवट आयजीए निरोगी माणसांच्या रक्तातही थोडंफार सापडतं. पुढची पायरी वाईट. दाणा गळल्यामुळे जी जागा उघडी पडते, ती शरीराला अनोळखी वाटते आणि तिच्याविरुद्ध दुसरं प्रतिपिंड तयार होतं. दोघं एकमेकांना चिकटून गुंता होतो, तो गुंता रक्तातून फिरत मूत्रपिंडाच्या जाळीत अडकतो, तिथे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची फौज पेटते आणि जाळी सुजते. सूज वर्षानुवर्षं राहिली की जाळीच्या जागी वण उरतो. वण गाळत नाही. सर्दी झाली की अस्तराखालच्या पेशी जोमाने आयजीए बनवतात, म्हणून सर्दीबरोबर एक-दोन दिवसांत लघवी लाल होते. उन्हाशी तिचा संबंध नसतो.

मूत्रपिंड इथे गुन्हेगार नाही, त्याच्या दारात कचरा आणून टाकला जातो. याचा विलक्षण पुरावा १९८२ साली नोंदवला गेला. एका दात्याच्या मूत्रपिंडात आयजीए साचलेलं होतं, हे आधी कोणाला ठाऊक नव्हतं. ते मूत्रपिंड हा आजार नसलेल्या माणसाला बसवलं गेलं. पुढे तपासलं, तर साचलेलं आयजीए नाहीसं झालं होतं. उलटंही घडतं. या आजाराच्या रुग्णाला चांगलं मूत्रपिंड बसवलं, तरी काही वर्षांनी त्यात पुन्हा आयजीए साचू शकतं.

मीठ, गोळी आणि स्टेरॉइड

मंगळवारी नेफ्रोची ओपीडी असते. हातात पाच लिटरचा कॅन घेऊन बसलेली माणसं दिसली, की समजावं चोवीस तासांची लघवी गोळा करून आणली आहे. रांगेत बोलणं एकच. "तुमचं क्रिएटिनिन किती?" "एक पॉइंट आठ. तुमचं?" "मागच्या वेळी दोन होतं, आता दोन पॉइंट तीन." मूत्रपिंडाने न गाळल्यामुळे रक्तात साचलेल्या या कचऱ्याचे आकडे माणसं दहावीच्या मार्कांसारखे जपून सांगतात.

चाकणच्या त्या मुलाचं क्रिएटिनिन १.५ होतं, दिवसाला सव्वादोन ग्रॅम प्रथिन लघवीतून जात होतं. डॉक्टरांनी त्याला आधी जेवणाबद्दल विचारलं. डब्यात काय? भाकरी, भाजी, ठेचा. वर लोणचं? हो. कंपनीच्या नाश्त्याला? वडापाव, कधी फरसाण. मग आईकडे वळून म्हणाले, "काकू, दिवसाचं सगळं मिळून चमचाभर मीठ. लहान चमचा. पापड, लोणचं, फरसाण त्याच हिशेबात धरायचं." काकूंनी पदराला हात पुसत विचारलं, "सैंधव चालेल ना?" "ते पण मीठच." काकूंच्या चेहऱ्यावर मुलाच्या बायोप्सीपेक्षाही याची काळजी मला जास्त दिसली. घरातल्या सहा माणसांचा स्वयंपाक एकाच पातेल्यात होतो, हे त्या बोलल्या नाहीत, पण ते सगळ्यांना कळलं.

कमी मीठ आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही प्रेशरची गोळी हा पाया. या गोळ्या जाळीच्या आतला दाब उतरवतात, प्रथिन गळणं घटतं. त्यानंतर प्रश्न यायचा स्टेरॉइडचा. ऑस्ट्रेलिया, चीन, कॅनडा, मलेशिया आणि भारत यांनी मिळून 'टेस्टिंग' नावाची मोठी चाचणी केली. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने मूत्रपिंड वाचत होतं, पण गंभीर जंतुसंसर्ग एवढे झाले, काही मृत्यूही झाले, की तो भाग थांबवावा लागला. मग डोस जवळजवळ निम्मा केला, फुप्फुसाचा संसर्ग टाळणारी गोळी जोडली आणि चाचणी पुढे नेली. २०२२ मध्ये निकाल आला. एकूण ५०३ रुग्ण होते. मूत्रपिंडाचा फायदा टिकला, धोका कमी झाला, पण संपला नाही. आपल्याकडे क्षयाचे जंतू किती जणांच्या छातीत झोपलेले असतात हे ज्याला माहीत आहे, तो डॉक्टर स्टेरॉइड लिहिताना आधी छातीचा एक्स-रे का मागतो हे वेगळं सांगायला नको.

थांबून बघण्याची सवयही आता मोडते आहे. ब्रिटनच्या नोंदवहीतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब २०२३ मध्ये छापून आला. निदान झाल्यापासून मूत्रपिंड निकामी होईपर्यंत किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ ११.४ वर्षं, आणि तेव्हाचं सरासरी वय ४८. ज्यांना आजवर 'सौम्य आहे, काळजी नको' असं सांगितलं जाई, त्यांच्यातही दहा वर्षांत सुमारे तीस टक्के लोकांची मूत्रपिंडं गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने भारतीय रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा आजार आपल्याकडे आणखी झपाट्याने पुढे सरकताना दिसला. म्हणून २०२५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने पट्टी खाली आणली. पूर्वी प्रथिन दिवसाला एक ग्रॅमच्या खाली आलं की समाधान मानत. आता अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणायचं, जमलं तर ०.३ च्या.

माथा ते पायथा

डॉक्टर मूळचे नगर जिल्ह्यातले. चहा पिताना मी त्यांना विचारलं, की नेमकं बदललं काय? ते म्हणाले, "पाणलोटाची कामं बघितलीत ना? आधी आम्ही पायथ्याशी बंधारे घालत होतो. आता माथ्यावर चर खणता येतायत. पण माथा ते पायथा, सगळं एकदम करावं लागतं."

माथा म्हणजे आतडं. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात पायर्स पॅचेस नावाची लसिका ऊतींची बेटं असतात. बिघडलेलं आयजीए बऱ्याच अंशी इथूनच येतं असं मानतात. म्हणून ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड अशा कॅप्सूलमध्ये भरलं, जी पोटात विरघळत नाही, थेट त्या बेटांवर जाऊन उघडते. शोषलेलं बहुतेक औषध यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं, त्यामुळे अंगभर स्टेरॉइडचा भार कमी पडतो. नऊ महिने रोज चार कॅप्सूल. ३६४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी औषधवाल्यांची गाळण्याची क्षमता सरासरी अडीच अंकांनी उतरली, बाकीच्यांची साडेसात. अमेरिकेत या औषधाला २०२१ च्या डिसेंबरात सशर्त आणि दोन वर्षांनी पूर्ण मान्यता मिळाली.

त्याच माथ्यावर दुसरा चर. आयजीए बनवणाऱ्या पेशींना जगायला आणि काम करायला एक संदेश लागतो. त्या प्रथिनाचं नाव आहे एप्रिल. हा संदेशच हवेत पकडणारं इंजेक्शन, सिबेप्रेनलिमॅब, नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. चार आठवड्यांनी एकदा, पोटावर, घरच्या घरी. नऊ महिन्यांत लघवीतलं प्रथिन नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत निम्म्यावर आलं. या औषधाने रक्तातलं गॅलॅक्टोज गळालेलं आयजीएच कमी होतं. पण पहारेकरीच कमी केल्यावर दहा वर्षांनी जंतूंपासून रक्षण कसं होईल, हे काळच दाखवेल.

मधल्या उतारावर कॉम्प्लिमेंटची आग. ती विझवणारी इप्टाकोपॅन ही कॅप्सूल या आजारासाठी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली. घेण्याआधी न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी घ्याव्या लागतात, कारण हीच आग त्या जंतूंनाही जाळत असते. आणि पायथ्याशी, जाळीतला दाब आणि वण रोखायला, स्पार्सेंटन आणि अट्रासेंटन.

ही नावं ऐकताना माझ्या वहीत एक प्रश्न सारखा उमटत होता. यातलं काय त्या सव्वीस वर्षांच्या मुलाच्या हातात पडणार? डॉक्टर स्पष्ट बोलले. नव्या औषधांपैकी बहुतेक त्यांच्या ओपीडीच्या चिठ्ठीवर येत नाहीत. एक तर मिळत नाहीत, आणि मिळाली तरी महिन्याचा खर्च ऐकून माणूस खुर्चीतून उठतो.

तरीही एक गोष्ट या ओपीडीत रोज घडते आहे, आणि ती ऐकून मला खरोखर आनंद झाला. मधुमेहासाठी निघालेली डापाग्लिफ्लोझिन ही गोळी मूत्रपिंडाच्या रुग्णांना देऊन पाहिली, त्यांत २७० जण आयजीए नेफ्रोपॅथीचे होते. गोळी न घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांचं मूत्रपिंड ठरवलेल्या धोक्याच्या रेषेपलीकडे गेलं, घेणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांचं. भारतात या गोळीचं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं. तिचीच बहीण एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ पर्यंत साठ रुपयांच्या आसपास पडायची, पेटंट संपताच दहा-पंधरा रुपयांवर आली. ही गोळी माथ्यावर काही करत नाही, पण पायथ्याचा बंधारा तिने पक्का होतो.

एका मंगळवारी ओपीडीत याच आजाराची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वय चोवीस, लग्न ठरत आलेलं. वडील बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "डॉक्टर, मूल होईल का? आणि तिकडे सांगायचं का?" डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मूल होऊ शकतं, पण ठरवून व्हायला हवं. टेल्मिसार्टन गर्भाला घातक आहे, ती गोळी वेळीच बंद करून दुसरी सुरू करावी लागते. स्पार्सेंटन, अट्रासेंटन ही नवी औषधंही गरोदरपणात वर्ज्य. प्रेशर आणि प्रथिन आधी सहा महिने आटोक्यात हवं. "आणि सांगायचं म्हणशील तर सांग. लपवलंस तर गोळ्या चोरून घेशील, आणि चोरून घेतलेली गोळी चुकते." हा आजार नेमका विशी-तिशीत, घर मांडायच्या वयात गाठतो. या प्रश्नाला कोणत्याही मार्गदर्शिकेत एवढं नेमकं उत्तर मला सापडलं नसतं.

चार तासांची खुर्ची

डायलिसिसचा वॉर्ड खालच्या मजल्यावर. बारा यंत्रं, त्यांचा एकसुरी आवाज, आणि रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पाण्याचे पाइप भिंतीभर. सात नंबरला एक रिक्षाचालक, वय अडतीस. डाव्या दंडावर फिस्टुलाची फुगलेली शीर, बोट ठेवलं की मांजर गुरगुरावी तशी थरथरते. आठवड्यातून दोनदा चार-चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतो, पैसे भरावे लागत नाहीत, पण ते दोन दिवस रिक्षा उभी राहते.

विशीत एका भरतीच्या तपासणीत त्यांच्या लघवीत रक्त आणि प्रथिन सापडलं होतं. तपासणाऱ्याने सांगितलं, उष्णता आहे, पाणी जास्त पीत जा. "मी प्यायलो की हो. रोज तीन-तीन तांबे," ते म्हणाले. आता दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी त्यांना चालत नाही. तोंड सुकलं की बर्फाचा खडा चघळतात. बायोप्सी झालीच नाही. पोचले तेव्हा मूत्रपिंडं आक्रसून गेली होती, सुई घालण्यात अर्थ नव्हता. त्यांना आयजीएच होता का, हे आता कधीच कळणार नाही.

जपानमध्ये १९७४ पासून शाळेतल्या मुलांची दरवर्षी लघवी तपासतात. मी आपल्याकडच्या शाळांत जेवढ्या तपासण्या पाहिल्या, त्यांत डोळे, दात, वजन, उंची असते. एक कागदी पट्टी लघवीत बुडवायची आणि मिनिटभर थांबायचं. पिवळा चौकोन हिरवा झाला की प्रथिन आहे. काही रुपयांची पट्टी. माथ्यावरची महागडी औषधं जेव्हा येतील तेव्हा येवोत, ही पट्टी आज प्रत्येक शाळेत, प्रत्येक कारखान्याच्या मेडिकलमध्ये आणि प्रत्येक भरतीत बुडवायला हवी, आणि रंग बदलला तर त्या माणसाला पाणी पी म्हणून घरी पाठवता कामा नये.

दोन बाटल्या

तीन आठवड्यांनी तो मुलगा आईबरोबर पुन्हा आला. रिपोर्टच्या शेवटी एका ओळीत अक्षरं आणि आकडे होते, एम-एक, ई-शून्य, एस-एक, टी-शून्य, सी-शून्य. ऑक्सफर्ड वर्गीकरण म्हणतात याला. डॉक्टरांनी टी-शून्यभोवती पेनने गोल काढला. "हे बघ. नळ्यांच्या भागात वण जवळपास नाहीत. तू वेळेत आलास." टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन सुरूच होत्या, प्रथिन सव्वादोनवरून दीड ग्रॅमवर आलं होतं. अजून तीन महिने बघायचं, नाहीतर छोट्या डोसचं स्टेरॉइड. ब्युडेसोनाइडची कॅप्सूल परवडेल का, याची चौकशी समाजसेवा विभागात करायची. रात्रपाळीत गोळी चुकवायची नाही. सर्दीवर दुकानातून दुखण्याची गोळी आणून घ्यायची नाही.

"ठेचा बंद केलाय," त्याने आपणहून सांगितलं.

"बंद नाही, बिनमिठाचा करते, लिंबू पिळून," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ह्याची धाकटी बहीण आहे, बारावीला. तिला पण मध्ये उन्हाळी लागली होती. घरात असतं का हे?"

"सहसा नसतं. काही घरांत असतं. तपासायला काय जातंय?"

खिडकीपाशी काकूंनी लघवीच्या दोन कोऱ्या बाटल्या मागून घेतल्या. दुसरी कोणाची, असं सिस्टरने विचारलं. "माझी," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही बाटल्या रुमालात गुंडाळून पिशवीत, डब्याशेजारी ठेवल्या. स्वारगेटहून दोनची एसटी होती.